मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली, डबा अर्धा परत येतो: पाचवीतल्या मुलीसाठी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषद शाळेत होती. जूनपासून पाचवीला मोठ्या गावातल्या हायस्कूलमध्ये एसटीने जाते. पहिलीपासूनची मैत्रीण त्याच शाळेत आहे, पण दुसऱ्या तुकडीत. दीड महिना झाला. डबा अर्धा परत येतो, रविवारी रात्री पोट दुखतं, "मला कुणीच नाही" असं एकदा म्हणाली. चाचणीत गुण चांगले आहेत. वर्गशिक्षिका म्हणतात, "शांत आहे, काहीच तक्रार नाही." काळजी करायची का, आणि करायचं तर नेमकं काय?

आधी वर्गशिक्षिकांच्या उत्तराबद्दल. पन्नास मुलांच्या वर्गात "शांत आहे" याचा अर्थ एवढाच की तिच्यामुळे तास थांबत नाही. ती मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसते, हे त्यांना बहुधा माहीत नसतं, कारण त्या वेळी त्या शिक्षक-खोलीत वह्या तपासत असतात. यात त्यांची चूक नाही. पण त्या उत्तरावर निर्धास्त होऊ नका.

एकटी दिसणारी मुलं तीन प्रकारची असतात आणि तिघांना लागू पडणारे उपाय वेगळे असतात. एक, जिला वर्ग मुद्दाम दूर ठेवतो. दोन, जिच्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नाही. तीन, जिला एकटं बरं वाटतं आणि एखादं माणूस पुरतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कोई, डॉज आणि कोपोटेली यांनी १९८२ मध्ये वर्गातल्या मुलांना "कोण आवडतं, कोण आवडत नाही" असं विचारून जी वर्गवारी केली, तिच्यात पहिल्या दोन गटांतला फरक स्पष्ट दिसतो: नावडत्या मुलाचं नाव नकाराच्या यादीत येतं, दुर्लक्षित मुलाचं कुठल्याच यादीत येत नाही. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की नावडतेपण वर्षानुवर्षं चिकटून राहू शकतं, पण दुर्लक्षितपण तितकं टिकत नाही. वर्ग बदलला, बाक बदलला, एखादं माणूस भेटलं की ते बऱ्याचदा सुटतं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमची मुलगी दुसऱ्या प्रकारातली वाटते. म्हणजे गोष्ट आवाक्यातली आहे.

तुम्हाला पन्नासजणींची मैत्री उभी करायची नाही. एक पुरते. पालक इथेच चुकतात: मुलगी वर्गात सगळ्यांची लाडकी व्हावी म्हणून तिला नाचाच्या क्लासला घालतात, वाढदिवसाला अख्ख्या वर्गाला चॉकलेटं वाटतात. लाडकं असणं वेगळं आणि मैत्रीण असणं वेगळं. पार्कर आणि अॅशर यांनी १९९३ मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात वर्गात पसंत असणं, मैत्री असणं आणि त्या मैत्रीचा कस या तिन्हींचा एकटेपणाशी आपापला, स्वतंत्र संबंध दिसला. वर्गात फारशी न आवडणारी मुलंही, घट्ट मैत्री असेल तर, तितकी एकटी नसतात.

ती एक मैत्रीण करते काय, तेही बघा. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं चार दिवस, दिवसातून अनेकदा, नुकतंच काय घडलं, तेव्हा सोबत कोण होतं, स्वतःबद्दल काय वाटतंय हे लिहून ठेवत आणि लाळेचा नमुना देत. ताण आला की शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल लाळेतून मोजता येतं. वाईट प्रसंगी जवळचं मित्रमाणूस सोबत नसेल तर कॉर्टिसॉल वाढलं आणि स्वतःबद्दलचं मत खाली आलं. सोबत असेल तर तेवढा फरक पडला नाही. मैत्रिणीने काही मोठं करावं लागतं असं नाही. फळ्यावर गणित चुकलं, वर्ग हसला, आणि जागेवर परत आल्यावर शेजारचीने "अगं, माझंही तेच आलं होतं" म्हटलं. झालं.

आता पोटदुखीकडे वळू, पण सगळा दोष मैत्रीवर टाकण्याआधी दोन साध्या गोष्टी तपासा. हायस्कूलचं स्वच्छतागृह कसं आहे? घाण असेल, दाराला कडी नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. मग पोट दुखतं, लघवीला जळजळतं, जेवण जात नाही. पाण्याची बाटली भरलेली परत येते का ते बघा. दुसरं, मधली सुट्टी किती मिनिटांची आहे? वीस-पंचवीस मिनिटांत हात धुवायची रांग, डबा आणि खेळ बसवायचा असतो. खेळायची घाई असलेलं मूलही अर्धा डबा परत आणतं, आणि ती चांगली खूण आहे. मात्र पोट फक्त रविवारी रात्री आणि सोमवारी सकाळीच दुखत असेल, शनिवारी दुपारी कधीच नाही, तर ते बहुधा पोटाच्या आजाराचं नव्हे, शाळेच्या काळजीचं दुखणं आहे. दोन आठवडे कॅलेंडरवर टिंब करून बघा: कुठल्या दिवशी दुखलं, डबा किती परत आला, बाटली किती रिकामी झाली. आठवणीवर विसंबू नका, कारण काळजीत असलेल्या माणसाला रोजच दुखल्यासारखं आठवतं.

विचारायचं कसं? "आज शाळेत काय केलं?" याला "काही नाही" हेच उत्तर येतं. "कुणी त्रास दिला का?" हे रोज विचारणं तर सर्वांत वाईट. आई हे विचारणार म्हणून मूल दिवसभर लागलेले धक्के वेचून ठेवायला लागतं, आणि ते सांगितलं की लक्ष मिळतं हेही शिकतं. त्याऐवजी जागा आणि वस्तू विचारा. डबा कुठे बसून खाल्ला, वर्गात की व्हरांड्यात? उजव्या हाताला कोण होतं? आज राज्य कुणावर होतं? आठवड्यातून दोनदा पुरे, तेही भाजी निवडताना किंवा गाडीवर मागे बसलेली असताना. समोरासमोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलं की ती चौकशी वाटते. "राज्य कुणावर होतं" याचं उत्तर झटकन आलं तर ती खेळात होती. "त्या खेळत होत्या" असं आलं तर ती कडेला उभी होती.

कडेला उभं राहणं म्हणजे हरणं नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. चालू खेळात शिरणं हे कौशल्य आहे, आणि ऐंशीच्या दशकापासून संशोधकांनी ते मिनिटामिनिटाने पाहिलंय. ज्यांना शिरता येतं ती मुलं आधी कडेला उभी राहून खेळ समजून घेतात. मग खेळणारे करतात तेच कडेने करायला लागतात: चेंडू बाहेर आला तर आणून देतात, आउट झाली की सगळ्यांबरोबर ओरडतात. मग खेळाबद्दल एखादं वाक्य बोलतात ("अगं, तिकडून पळ, तिकडे कुणी नाहीये"), आणि डाव संपल्याच्या फटीत आत शिरतात. ज्यांना जमत नाही ती मुलं चालू डाव थांबवून "मला घेता का?" विचारतात (डाव अडल्यावर पहिलं उत्तर "नाही" हेच येतं), किंवा स्वतःबद्दल बोलायला लागतात ("आमच्या जुन्या शाळेत आम्ही..."), किंवा नियम सुधारायला जातात. हुशार मुली या तिसऱ्या चुकीत हमखास सापडतात.

आपल्याकडे यासाठी एक सुंदर सोय होती आणि अजून कुठे कुठे आहे: कच्चं लिंबू. लहान किंवा नवख्या मुलाला खेळात घ्यायचं, पण तो आउट झाला तरी धरायचं नाही, त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. मोठ्या शाळेत पाचवीची मुलं स्वतःला मोठी समजतात, त्यामुळे कच्चं लिंबू होण्यात कमीपणा वाटतो. तुमच्या मुलीला सांगून बघा की पहिले चार-पाच दिवस "मी कच्चं लिंबू राहते" असं आपणहून म्हणायला हरकत नाही. असं म्हणणारीला नाही म्हणणं अवघड जातं.

घरी दहा मिनिटं सराव करा. तुम्ही आणि तिचा भाऊ किंवा बहीण लगोरी खेळा, ती बाहेरून येऊ दे. एकदा तुम्ही तिला घ्या, एकदा घेऊ नका. नकार आल्यावर काय करायचं याचा सराव शिरण्याच्या सरावापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण लाडक्या मुलांनाही नकार मिळतोच. फक्त ती मुलं तो मनावर न घेता पाच मिनिटांनी परत येतात किंवा दुसरा घोळका बघतात. दोन वेळा प्रयत्न, मग दुसरीकडे. तिसऱ्यांदा त्याच घोळक्याकडे जायचं नाही.

हे सगळं असलं तरी घट्ट मैत्री घोळक्यात क्वचितच जमते. ती दोघींत जमते, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. म्हणून तुमची खरी मेहनत इथे हवी.

तुमच्या मुलीकडे एसटी आहे, आणि एसटी ही मैत्रीसाठी शाळेपेक्षा चांगली जागा आहे. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, शिवाय थांब्यावरचं ताटकळणं. त्याच गाडीने येणाऱ्या, त्याच तुकडीतल्या मुली कोण आहेत ते शोधा. आसपासच्या दोन-तीन वाड्यांतल्या एक-दोघी निघतीलच. तिला पाच मिनिटं आधी थांब्यावर पाठवा. धावतपळत गाडी पकडणारीला बोलायला वेळच मिळत नाही. जुनी मैत्रीणही याच गाडीने येत असेल तर दोघींना एकत्र बसू द्या. "आता नवीन मैत्रिणी कर" म्हणून ती जुनी गाठ सोडवू नका. जुनी मैत्री धीर देते, आणि धीर असलेलीच मुलगी नव्या मुलीशी बोलायला जाते.

मग एखादीला घरी बोलवा. कधी, कशी, याला थोडी पद्धत आहे. एकीलाच बोलवा, तिघी झाल्या की दोघींची जोडी जमते आणि तिसरी बाहेर पडते, आणि ती तुमची मुलगी असण्याची शक्यता मोठी. वेळ एक ते दीड तास. हाताला काम असू द्या: विज्ञानाचा तक्ता, पतंग, मेंदी, भेळ बनवणं. नुसतं "खेळा दोघी" म्हटलं की अर्ध्या तासाने मोबाइल बाहेर येतो. रंग चांगला जमलेला असतानाच थांबवा. भांडण होईपर्यंत ताणलं तर शेवटची आठवण भांडणाची राहते. पाहुण्या मुलीला तुमची मुलगी किती शांत आहे, तिला मैत्रिणी कशा नाहीत, हे चुकूनही सांगू नका. आणि मध्येच जाऊन खेळ नीट करून देऊ नका. भांडण झालं तर ऐकत राहा, मारामारीवर आलं तरच उठा.

डब्याबद्दल एक अवघड गोष्ट बोलायला हवी. "कुणाच्या डब्यातलं खायचं नाही, आपलं कुणाला द्यायचं नाही" असं काही घरांतून बजावलेलं असतं. कधी स्वच्छतेच्या नावाने, कधी उपासाच्या, आणि कधी जातीच्या, ते उघड न बोलता. व्हरांड्यात गोल करून बसलेल्या मुलींत भाजीची देवाणघेवाण चालू असताना जिला हात आखडता घ्यावा लागतो, ती दुसऱ्या दिवशी गोलात बसत नाही. असं काही घरात बजावलं असेल तर ते मागे घ्या. दोन पोळ्या आणि लोणच्याच्या चार फोडी जास्तीच्या द्या. "लोणचं घे" हे बोलायला सुरुवात करण्याचं फार सोपं वाक्य आहे.

वर्गशिक्षिकांना भेटा, पण सगळ्या पालकांसमोर नव्हे, आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर हा विषय अजिबात काढू नका. तिथे "मुली हिला खेळायला घेत नाहीत" असं पडलं की रात्री चाळीस घरांत मुलींची उलटतपासणी होते, आणि सकाळी तुमची मुलगी "चुगली करणारी" ठरते. शिक्षिकांकडे नेमकी मागणी करा. "तिला मैत्रीण मिळवून द्या" यावर त्या काय करणार? वर्गात उभं करून "सगळ्यांनी हिच्याशी खेळायचं हं" असं म्हणतील, आणि ते न केलेलंच बरं. त्याऐवजी दोन गोष्टी मागा.

पहिली, बाक. तिच्याशेजारी एसटीने येणारी किंवा तिच्यासारखीच निवांत मुलगी चार ते सहा आठवडे बसू द्या. दर आठवड्याला रांगा पुढे-मागे सरकवायच्या असतील तर सरकवाव्यात, पण जोडी तीच राहावी. वर्गातल्या सर्वांत बोलक्या मुलीशेजारी बसवलं तर ती बोलते आणि ही ऐकते, एवढंच होतं.

दुसरी, दोघींनी मिळून करायचं काम. वह्या गोळा करून शिक्षक-खोलीत नेणं, पुस्तकपेटी उघडून नोंद करणं, पोषण आहार वाटताना ताटं मोजणं. एकटीचं काम देऊ नये, कारण मग सुट्टीत एकटं राहायला तिला सबब मिळते.

हे वाचणारे शिक्षक असतील तर त्यांच्यासाठी थोडं. दुसऱ्या महिन्यात प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्या: सहलीला बसमध्ये कुणाशेजारी बसायला आवडेल, अशी तीन नावं. नावडत्यांची नावं विचारू नका. मुलं बाहेर जाऊन बोलतात. घरी कागदावर प्रत्येकाचं नाव लिहून बाण काढा. ज्या दोघांचे बाण एकमेकांकडे जातात त्या खऱ्या जोड्या. ज्यांच्याकडे एकही बाण येत नाही, अशी मुलं निघतीलच, आणि त्यांतली काही नावं तुम्हाला अनपेक्षित असतील. वर्गात ती वाचून दाखवायची नाहीत. त्यांनी ज्यांची नावं दिली त्यांच्याजवळ त्यांना बसवायचं. खेळाच्या तासाला दोन कॅप्टन उभे करून गडी निवडायला लावणं बंद करा. शेवटी उरणारं मूल दर आठवड्याला तेच असतं आणि वर्ग ते बघतो. एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडा. गटकाम देताना प्रत्येकाकडे धड्याचा वेगळा तुकडा द्या, म्हणजे त्याचं ऐकल्याशिवाय इतरांचं भागत नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये ही पद्धत आणली, तेव्हा तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती. वेगवेगळ्या वाड्यांतून पाचवीला एकत्र आलेल्या वर्गाला ती चांगली लागू पडते.

तुकडी बदलून मागावी का? शाळेत जागा असेल आणि अजून महिना-दीड महिनाच झाला असेल तर विचारायला हरकत नाही. सहामाहीनंतर मात्र नको, तोवर इथली जी काही मुळं धरली असतील ती उपटली जातात. माझं मत विचाराल तर गुणांवरून "हुशार तुकडी" करण्याच्या नादात शाळा दरवर्षी जोड्या तोडतात आणि मग मुलं गप्प झाली म्हणून समुपदेशक शोधतात. पाचवीच्या प्रवेशावेळीच तीन नावं विचारून त्यांतलं एक तरी त्याच तुकडीत ठेवायला एक दुपार पुरते.

दोन गोष्टींची गल्लत करू नका. कट्टी ही दोन्हीकडून असते, कारण सांगता येतं, आणि दोन-तीन दिवसांत बट्टी होते. त्यात मोठ्यांनी पडायचं नसतं. बहिष्कार एकतर्फी असतो, तोच घोळका, तीच मुलगी, आठवड्यामागून आठवडा: बाकावर दप्तर ठेवून जागा अडवणं, नावावरून किंवा रंगावरून चिडवणं, "हिच्याशी बोललीस तर तुझ्याशी कट्टी" अशी धमकी. असं असेल तर तारीख, जागा, शब्द लिहून ठेवा आणि आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक असं लेखी द्या. शाळेची तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेली समिती) यासाठीच आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही आहे. चिडवणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन भांडू नका. त्याने चिडवणं थांबत नाही, फक्त शिक्षकांच्या नजरेआड जातं. इथेही ती एक मैत्रीण कामाला येते. हॉजेस आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात, छळ सोसणाऱ्या पण जवळचं मित्रमाणूस असलेल्या मुलांत त्या छळाचे पुढचे परिणाम कमी दिसले.

मैत्रीण मिळाल्यावरही थोडं लक्ष असू द्या. दोघी तासन्तास फक्त "कोण मला काय म्हणालं" हेच उगाळत बसत असतील तर जवळीक वाढते, पण त्याबरोबर उदासी आणि काळजीही वाढू शकते. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये हे दाखवलं, आणि मुलींमध्ये असं उगाळणं जास्त आढळलं. बोलू नका म्हणण्यात अर्थ नाही. हाताला काम द्या, सायकल काढायला सांगा.

डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे कधी? वरचं सगळं सहा आठवडे करूनही शाळेला दांड्या वाढत असतील, झोप उडाली असेल, वजन उतरत असेल, आधी आवडणारी चित्रकलाही सुटली असेल तर. आणि "मी नसते तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं एकही वाक्य कानावर आलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तोवर दिवाळीच्या सुट्टीचा बेत आताच ठरवा, कारण सुट्टी लागली की एसटीतली गाठ सैल होते. किल्ला दोघींनी मिळून करू दे, तुमच्या अंगणात किंवा तिच्या. माती आणणं, दगड-गोणपाट लावणं, बुरूज, मावळे मांडणं असं चार-पाच दिवसांचं काम असतं आणि ते एकटीने होत नाही. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरायला सांगा. हिरवळ दिसायला तीन-चार दिवस लागतात आणि रोज पाणी शिंपडावं लागतं. आज हिने, उद्या तिने.